मुरंब्याचा मुलगा, अमेरिकेचा नकार आणि ‘परम’: डॉ. विजय भटकर यांच्या कारकिर्दीचा धागा

१/ १९९१ साली पुण्याच्या सी-डॅक या संस्थेने ‘परम ८०००’ हा महासंगणक देशापुढे ठेवला. त्याचे शिल्पकार डॉ. विजय भटकर यांचा मूळ तालुका मूर्तिजापूर, जिल्हा अकोला. त्याच वर्षी मूर्तिजापूर जंक्शनवरून निघणारी ‘शकुंतला’ ही अरुंद रुळांची गाडी मँचेस्टरला घडलेल्या वाफेच्या इंजिनावर चालत होती. ते इंजिन निवृत्त झाले १९९४ साली. एकाच तालुक्याच्या नशिबी आलेली ही दोन यंत्रे डोळ्यांसमोर ठेवून आजचा धागा वाचावा, ही विनंती.

२/ भटकरांची कथा आपण बहुतेकांनी एकाच साच्यात ऐकली आहे. अमेरिकेने भारताला महासंगणक नाकारला, भारताचा स्वाभिमान दुखावला आणि तीन वर्षांत आपण स्वतःचा महासंगणक उभा केला. ही कथा खोटी नाही, पण अपुरी आहे. नकार अनेक देशांना मिळाले. यंत्र मात्र सर्वांनी बांधले नाही. तेव्हा खरा प्रश्न असा, की नकार आला त्या दिवशी भारताच्या हाती काय होते? त्याचे उत्तर शोधायचे तर मुरंब्यापासून सुरुवात करावी लागते.

३/ भटकरांचा जन्म ११ ऑक्टोबर १९४६ चा, मूर्तिजापूर तालुक्यातील मुरंबा या खेड्यातला. तेव्हा वऱ्हाड ‘मध्य प्रांत व वऱ्हाड’ या इंग्रजी प्रांतात होता. कागदोपत्री त्यावर निजामाचे स्वामित्व, प्रत्यक्षात कारभार इंग्रजांचा. इथली अर्थव्यवस्था म्हणजे कापूस. कापूस इथून मुंबईमार्गे लँकेशायरच्या गिरण्यांकडे जाई आणि इंजिने तिकडून येत. शकुंतला रेल्वेही किलिक निक्सन या कंपनीने याच कापसासाठी बांधलेली. देश स्वतंत्र झाला, इतर रेल्वेमार्गांचे राष्ट्रीयीकरण झाले, तरी या मार्गाची मालकी खासगी कंपनीकडेच राहिली. यंत्र आपल्या शिवारातून धावते, पण आपले नसते, हा अनुभव या मुलुखाला नवा नव्हता.

४/ पुढचे टप्पे पाहा. नागपूरच्या विश्वेश्वरय्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९६५ साली पदवी. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातून १९६८ साली पदव्युत्तर पदवी. दिल्लीच्या आयआयटीतून १९७२ साली डॉक्टरेट. यातील नागपूरचे महाविद्यालय १९६० चे आणि दिल्लीची संस्था १९६१ ची. म्हणजे वऱ्हाडातला हा विद्यार्थी ज्या दारांतून आत गेला, ती दारे तो शाळेत असताना अस्तित्वातच नव्हती. दहा वर्षे आधी जन्मलेल्या, तितक्याच हुशार मुलाला ती मिळाली नसती. व्यक्तीचे चरित्र लिहिताना तिच्या काळाचे हे देणे हिशेबात धरलेच पाहिजे.

५/ दुसरे देणे इलेक्ट्रॉनिक्स आयोगाचे. १९६२ च्या चीन युद्धाने लष्करी दळणवळणातील आपली उणीव उघडी पाडली. त्यानंतर १९६३ साली डॉ. होमी भाभा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि तिचा अहवाल १९६६ साली आला. १९७० साली केंद्रात इलेक्ट्रॉनिक्स खाते आणि १९७१ साली आयोग स्थापन झाला. आयोगाची धुरा एम. जी. के. मेनन यांच्याकडे होती. डॉक्टरेट घेतलेले तरुण भटकर याच यंत्रणेत दाखल झाले. कोणते तंत्र देशात विकसित करायचे, कोणते विकत घ्यायचे, कशासाठी किती पैसा लागेल, हा विचार तिथे रोजच्या कामाचा भाग होता.

६/ ऐंशीच्या दशकात ते तिरुवनंतपुरमच्या इलेक्ट्रॉनिक्स संशोधन व विकास केंद्राचे संचालक होते. भटकरांवरील लोकप्रिय लेखनात हा काळ एका ओळीत संपतो. माझ्या मते तो महत्त्वाचा आहे. प्रयोगशाळेतील कल्पना कारखान्यात चालेल अशा वस्तूत उतरवणे, अभियंत्यांचे चमू बांधणे, मुदती पाळणे, सरकारी पैशाचा हिशेब देणे हे सारे शिक्षण तिथे झाले. पुढे पुण्यात जे तीन वर्षांत ‘घडले’, त्याची तालीम तिथे चालू होती.

७/ आता महासंगणकाकडे वळू. तो हवा कशाला होता? पहिले उत्तर : पावसासाठी. हवामानाचा अंदाज गणिताने वर्तवायचा तर वातावरणाचे लाखो लहान चौकोन कल्पून प्रत्येकातील तापमान, दाब, बाष्प आणि वारा यांची समीकरणे पुन्हा पुन्हा सोडवावी लागतात. उद्याचे उत्तर परवा मिळाले तर ते निरुपयोगी. म्हणून वेग हवा. १९८७ चा दुष्काळ शतकातील भीषण दुष्काळांपैकी एक होता. कोरडवाहू वऱ्हाडात मृगाचा पाऊस हुकला की दुबार पेरणी, आणि दुबार पेरणी म्हणजे कर्ज. दिल्लीत चाललेल्या त्या वाटाघाटींचा संबंध असा थेट आपल्या शेतांशी होता.

८/ महासंगणक बनवणाऱ्या कंपन्यांमध्ये अमेरिकेची क्रे ही अग्रणी. पण हवामानाची समीकरणे सोडवणारे यंत्र अण्वस्त्रांची गणिते आणि गुप्तसंदेशांची उकलही करू शकते. १९७४ साली पोखरणला चाचणी केलेला, अण्वस्त्र प्रसारबंदी करारावर सही न केलेला आणि सोव्हिएत संघाशी सलगी असलेला भारत अमेरिकेच्या नजरेत संशयास्पद होता. परिणामी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेसाठी मागितलेले अधिक शक्तिशाली यंत्र मिळाले नाही.

९/ मात्र कथेचा दुसरा अर्धा भाग सहसा सांगितला जात नाही. दिल्लीतील राष्ट्रीय हवामान अंदाज केंद्रासाठी ‘क्रे एक्स-एमपी/१४’ हे तुलनेने कमी क्षमतेचे यंत्र अमेरिकेने दिले. ते ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस बसवलेही गेले. त्यावर अट होती देखरेखीची : कोण वापरतो, कशासाठी वापरतो, यावर परक्यांची नजर. म्हणजे भारताच्या वाट्याला निव्वळ नकार आला नव्हता, अटींसह अर्धा होकार आला होता. माझ्या मते तोच अधिक बोचणारा होता. यंत्र दारात उभे आहे, पण चालवायचे दुसऱ्याच्या परवानगीने. शकुंतलेची आठवण इथे आल्यावाचून राहत नाही.

१०/ पंतप्रधान राजीव गांधींनी भटकरांना विचारलेल्या तीन प्रश्नांचा प्रसंग प्रसिद्ध आहे. आपण हे करू शकतो का? किती काळ लागेल? किती खर्च येईल? आपण महासंगणक प्रत्यक्ष पाहिलेला नाही, केवळ क्रेचे चित्र पाहिले आहे, पण करू शकतो, असे आपण सांगितल्याचे भटकर सांगत आले आहेत. आयातीच्या खटपटीला लागेल त्याहून कमी काळात आणि क्रेच्या किमतीहून कमी खर्चात, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. यशानंतर सांगितलेली आठवण इतिहासाच्या विद्यार्थ्याने आठवण म्हणूनच वाचावी. पण तिला दुजोरा देणारी एक ठोस गोष्ट आहे. १९८८ साली सी-डॅकची स्थापना झाली ती तीन वर्षांची मुदत आणि सुमारे ३० कोटी रुपयांची प्रारंभिक तरतूद घेऊनच. जागा मिळाली पुणे विद्यापीठाच्या आवारात.

११/ आता या धाग्याचा गाभा. क्रेसारखे यंत्र तीन वर्षांत बांधणे कोणालाही शक्य नव्हते. क्रेची शक्ती एका किंवा मोजक्या, अतिवेगवान आणि खास घडवलेल्या प्रोसेसरमध्ये होती. त्यासाठी लागणारा चिप-उद्योग भारतात नव्हता. म्हणून सी-डॅकने क्रेची नक्कल केली नाही. वेगळा रस्ता धरला : एक बलाढ्य प्रोसेसर नको, अनेक सामान्य प्रोसेसर एकत्र जोडू आणि काम वाटून देऊ. यालाच समांतर संगणन म्हणतात.

१२/ वऱ्हाडी माणसाला हे समजावण्यासाठी संगणकशास्त्राची गरज नाही. दहा एकरांतली पऱ्हाटी फुटली आहे. एकच अचाट वेगाची वेचणारी शोधण्यापेक्षा आपण चाळीस बाया लावतो, प्रत्येकीला तास वाटून देतो आणि संध्याकाळी वजन करतो. वेचणी अशी वाटता येते, कारण एका तासातील बोंडांचा दुसऱ्या तासाशी संबंध नसतो. पण वजनकाटा एकच असेल तर चाळीस बायांच्या जागी चारशे आणूनही काट्यापाशी रांग लागतेच.

१३/ हीच गोष्ट १९६७ साली जीन अ‍ॅमडाल या संगणकशास्त्रज्ञाने नियमाच्या रूपात मांडली. कामाचा एक दशांश भाग वाटून देण्याजोगा नसेल, तर प्रोसेसर कितीही वाढवा, वेग दहापटींच्या वर जात नाही. त्यामुळे समांतर यंत्रात खरे कौशल्य प्रोसेसर विकत घेण्यात नसते. काम कसे फोडायचे, प्रोसेसरनी परस्परांशी कसे बोलायचे आणि काट्यापाशी रांग कशी लागू द्यायची नाही, यात ते असते. हे ज्ञान कोणत्याही निर्यातबंदीने अडवता येत नाही. ते डोक्यात असावे लागते.

१४/ ‘परम ८०००’ मधील प्रोसेसर ब्रिटनच्या ब्रिस्टल येथील इनमॉस कंपनीचा होता, ट्रान्सप्युटर नावाचा. खुल्या बाजारात मिळणारा आणि एकमेकांना जोडण्याच्या हेतूनेच घडवलेला. प्रत्येकावर शेजाऱ्यांशी बोलण्यासाठी चार दुवे असत. अशा एका चिपची कमाल क्षमता सेकंदाला सुमारे ४० लाख दशांश-गणिते. २५६ चिप जोडल्या की होतात सुमारे १०० कोटी, म्हणजे एक गिगाफ्लॉप. ‘परम ८०००’ ६४ प्रोसेसरच्या रूपात उभा राहिला आणि २५६ पर्यंत वाढवता येईल अशी त्याची रचना होती. ‘परम’ हे नाव संस्कृतातील ‘सर्वोच्च’ या अर्थाचे आणि त्याच वेळी ‘पॅरलल मशीन’ या इंग्रजी शब्दांचा संक्षेपही.

१५/ मग भारतीय काय होते? प्रोसेसर नव्हे. भारतीय होती ती रचना, जोडणी, ‘परास’ ही प्रोग्रॅमिंगची प्रणाली आणि ते सारे चालवणारी माणसे. ‘शंभर टक्के स्वदेशी’ म्हणणारे आणि ‘परदेशी चिप जोडून ठेवल्या’ म्हणणारे, दोघेही इथे चुकतात. काय विकत घेता येते आणि काय विकत मिळणारच नाही, हे अचूक ओळखणे हीच भटकरांच्या चमूची खरी कामगिरी. आयोगातील वर्षांनी त्यांना नेमका हाच प्रश्न विचारायला शिकवले होते.

१६/ दोन दुरुस्त्या. पहिली : भटकर आणि सी-डॅक या वाटेवर एकटे नव्हते. बंगळुरूच्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेने १९८६ सालीच ‘फ्लोसॉल्वर’ हे समांतर यंत्र बांधले होते. भाभा अणुसंशोधन केंद्राचा ‘अनुपम’ आणि संरक्षण संशोधन संस्थेचा ‘पेस’ हेही त्याच पिढीचे. नकाराचा फटका सर्वांना बसला आणि उत्तरही सर्वांनी जवळपास एकच शोधले. दुसरी : ‘परम ८००० हा जगातील दुसऱ्या क्रमांकाचा महासंगणक होता’ हे वाक्य पुढे पाठवण्याआधी थांबावे. आज ज्या ‘टॉप ५००’ यादीवरून क्रमांक सांगतात, ती जून १९९३ मध्ये सुरू झाली. १९९१ साली ती नव्हतीच. त्या यादीत नोंदलेला पक्का क्रमांक हवा असेल तर २००३ चा ‘परम पद्म’ पाहावा : १७१ वा. हा आकडा लहान वाटतो, पण तो खरा आहे.

१७/ विकत घेतलेल्या भागाची किंमतही लवकरच मोजावी लागली. इनमॉस कंपनी १९८९ साली दुसऱ्या मालकाकडे गेली, तिचा पुढचा ट्रान्सप्युटर रखडला आणि ती वाट बंद झाली. सी-डॅकला इंटेलच्या आणि नंतर सन कंपनीच्या प्रोसेसरकडे वळावे लागले. १९९८ चा १०० गिगाफ्लॉपचा ‘परम १००००’ सनच्या प्रोसेसरवर उभा आहे. प्रत्येक वळणावर आज्ञावल्या नव्याने बसवाव्या लागल्या. तरीही यंत्रे बनत राहिली, कारण पहिल्या मोहिमेतून उरलेली खरी कमाई यंत्र नव्हती, ती माणसे होती.

१८/ ‘परम’ने अमेरिकेला निर्बंध सैल करायला लावले, असेही म्हटले जाते. त्यात तथ्य असेल तर ते अंशतः. १९९४ आणि १९९६ साली अमेरिकेने संगणक-निर्यातीच्या मर्यादा शिथिल केल्या, तेव्हा शीतयुद्ध संपले होते आणि टेबलावरच्या साध्या संगणकांचा वेगच जुन्या मर्यादांना भिडू लागला होता. बंदी घालण्याजोगे काही उरत नव्हते. भारताचा ‘परम’ हा त्या मोठ्या बदलाचा एक पुरावा होता. बदलाचे एकमेव कारण तो नव्हता.

१९/ आता अशी गोष्ट, जिच्यामुळे हा धागा आपण देवनागरीत वाचत आहात. कानपूरच्या आयआयटीत भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचे काम चालू होते. मोहन तांबे यांच्यासह ते सी-डॅकमध्ये आले आणि ‘जिस्ट’ म्हणून वाढले. मूळ कल्पना अशी : देवनागरी, बंगाली, तमिळ, कन्नड या लिप्या दिसायला वेगळ्या असल्या तरी त्यांची वर्णमाला एकाच ध्वनिक्रमावर उभी आहे. म्हणून सर्वांना एकच संकेतप्रणाली आणि एकच कळफलक चालेल. त्यातून ‘इस्की’ हे १९९१ चे भारतीय मानक आणि ‘इनस्क्रिप्ट’ कळफलक आले. पुढे युनिकोडने भारतीय लिप्यांची मांडणी केली ती ‘इस्की’च्याच आधीच्या आवृत्तीवरून. महासंगणक मोजक्या संस्थांत पोचला. हे काम मात्र आपल्या प्रत्येकाच्या खिशात आहे.

२०/ १९९३ साली सी-डॅकने प्रगत संगणन प्रशिक्षणाची शाखा काढली. तिच्या पदविकेने अमरावती-अकोल्याच्या अभियांत्रिकी पदवीधरांसह हजारो मुलांना पुण्या-बंगळुरूच्या सॉफ्टवेअर उद्योगाचे दार दाखवले. सी-डॅक सोडल्यानंतर भटकरांनी पुण्यात आय-स्क्वेअर-आयटी ही शिक्षणसंस्था आणि ‘एज्युकेशन टू होम’ अर्थात ईटीएच ही संशोधनशाळा उभारली. त्यांना उद्योजक म्हणावे का, असा प्रश्न कोणी विचारते. गॅरेजमधून कंपनी काढणारा उद्योजक ते नव्हेत. सरकारी चौकटीत नवी संस्था, मुदत आणि जोखीम घेऊन उतरणारा, हा उद्योजकाचा आपल्याकडचा वेगळा प्रकार. विक्रम साराभाई त्याच प्रकारातले.

२१/ त्यांना २००० साली पद्मश्री आणि २०१५ साली पद्मभूषण मिळाले, महाराष्ट्र भूषण पुरस्कारही मिळाला. दिल्लीच्या ज्या आयआयटीत ते शिकले, तिच्या नियामक मंडळाचे ते अध्यक्ष झाले आणि पुढे नालंदा विद्यापीठाचे कुलपतीही. २०१५ साली केंद्राने ४५०० कोटी रुपयांचे राष्ट्रीय महासंगणन अभियान मंजूर केले. त्यातून २०२२ साली ‘परम प्रवेग’ हा ३.३ पेटाफ्लॉप क्षमतेचा महासंगणक बसवला गेला. एक गिगाफ्लॉपच्या तुलनेत ही क्षमता तेहतीस लाखपट. तो बसला बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत, म्हणजे ज्या संस्थेला एकेकाळी क्रे मिळाला नव्हता तिथेच. प्रोसेसर मात्र अजूनही अमेरिकी कंपन्यांचेच. १९८८ चा प्रश्न संपलेला नाही, तो एक पायरी खाली, चिपपर्यंत उतरला आहे.

२२/ शेवटी पुन्हा मूर्तिजापूर. शकुंतला गेली काही वर्षे धावत नाही. भटकरांचा प्रवास मुरंबा, नागपूर, बडोदा, दिल्ली, तिरुवनंतपुरम, पुणे असा झाला. वऱ्हाडात तो सुरू झाला, पण त्यातील मोठे काम वऱ्हाडात झाले नाही, कारण ते करता येईल अशी संस्था इथे नव्हती. १९६० साली नागपुरात एक महाविद्यालय निघाले म्हणून १९९१ चा ‘परम’ शक्य झाला, हा तीस वर्षांचा हिशेब आहे. तेव्हा ‘आमच्या अकोल्याचा माणूस’ हा अभिमान बाळगताना एक प्रश्नही बाळगू या. २०५० साली एखाद्या मुरंब्याच्या मुलीला जे दार लागेल, ते अमरावती-अकोल्यात आज कोण बांधत आहे? आपल्याला माहीत असेल तर खाली जरूर लिहा. धागा समाप्त.